अतिशयोक्तीची वाट : अमेरिकन विनोदी प्रवासकथनातील निवेदक

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना समीक्षेने विनोदी प्रवासकथनाला सहसा दुय्यम स्थान दिले आहे. विनोद म्हणजे आशयावर चढविलेला हलका रंग, असे गृहीत धरल्यामुळे त्याच्या रचनातत्त्वाची तपासणी होत नाही. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या भटकंतीतून जी विनोदी कथने निर्माण झाली, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक विशेष अपुरे ठरते. या कथनांत रस्त्याकाठच्या चमत्कारिक वस्तूंना मोठे स्थान असते. निवेदक त्यांना कोणत्या भूमिकेवरून हसतो, यावर कथनाचे वाङ्मयीन मूल्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम या वस्तूंचे स्वरूप पाहू. कॅन्सस राज्यातील कॉकर सिटी या लहानशा गावी सुतळीचा एक प्रचंड गुंडा आहे. १९५३ साली एका शेतकऱ्याने तो गुंडाळावयास घेतला. आजही दर ऑगस्टमध्ये गावकरी आणि पाहुणे मिळून त्यावर सुतळी चढवितात. टेक्सासमध्ये ॲमरिलोजवळ 'अँट फार्म' या कलावंतगटाने १९७४ साली दहा कॅडिलॅक मोटारी तोंडाकडून जमिनीत गाडल्या. साउथ डकोटातील 'वॉल ड्रग' हे १९३१ साली नव्या मालकाने घेतलेले औषधांचे दुकान. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा १९३६ च्या उन्हाळ्यात बर्फाचे पाणी फुकट मिळेल अशा पाट्या रस्त्यावर लागल्या आणि दुकान नावारूपाला आले. पुढे या पाट्या शेकडो मैलांपर्यंत पसरल्या.

डीन मॅक्कॅनेल यांनी 'द टूरिस्ट' (१९७६) या ग्रंथात प्रेक्षणीय स्थळ हे पर्यटक, स्थळ आणि स्थळाची खूण पटविणारे चिन्ह यांच्या परस्परसंबंधातून घडते, असे दाखविले. वॉल ड्रगच्या बाबतीत चिन्ह आधी येते आणि स्थळ त्याच्या मागून. उम्बेर्तो एको आणि झाँ बोद्रियार यांनी अशाच अमेरिकन दृश्यांतून वास्तवाची जागा प्रतिकृतीने घेतल्याचा निष्कर्ष काढला. तो उद्बोधक असला, तरी एक गोष्ट त्यातून निसटते. सुतळी गुंडाळणाऱ्याला किंवा पाटी लावणाऱ्याला आपण अतिशयोक्ती करीत आहोत, हे पुरते ठाऊक असते. ही वस्तू म्हणजे मूर्त झालेली लोणकढी थापच आहे, आणि ऐकणाऱ्यानेही ती थाप म्हणूनच स्वीकारावी, अशी तिची अपेक्षा असते.

अमेरिकन विनोदी प्रवासकथनाचा उगमही याच थापेच्या परंपरेत आहे. मार्क ट्वेनच्या 'रफिंग इट' (१८७२) मध्ये १८६१ साली घोडागाडीने नेवाडाकडे निघालेला निवेदक पश्चिमेकडील लोकांच्या थापांना बळी पडतो. लिलावात हौसेने घेतलेला घोडा त्याला पाठीवरून फेकून देतो आणि आपण फसलो, हे त्याला कळते. येथे अतिशयोक्तीचा कर्ता आणि तिचे लक्ष्य एकच आहे. 'अपूर्वाई'वर (१९६०) पोसलेल्या मराठी वाचकाला ही आत्मोपहासाची रीत परिचित आहे, मात्र पु. ल. देशपांडे यांचा निवेदक परक्या देशात निघालेला आहे, ट्वेनचा स्वतःच्याच देशात नवखा ठरतो.

बिल ब्रायसनचे 'द लॉस्ट कॉन्टिनेंट' (१९८९) या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. आयोवात वाढलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला निवेदक ३८ राज्यांतून १३,९७८ मैल मोटार हाकतो. जुन्या चित्रपटांतले आदर्श छोटे गाव त्याला शोधावयाचे आहे आणि त्या शोधामागे दिवंगत वडिलांबरोबरच्या बालपणीच्या सहलींची स्मृती आहे. जेथे ही स्मृती जागी असते, तेथे विनोदाला शोकाचे अस्तर लाभते. जेथे ती मावळते, तेथे निवेदक स्थानिकांच्या उच्चारांवर आणि लठ्ठपणावर घसरतो. मग विनोद एकाच दिशेने वाहू लागतो : हसणारा सुरक्षित, हसला जाणारा निरुत्तर. वॉल ड्रगपाशी मात्र, हे ठिकाण पर्यटकांना लुबाडणारे आहे हे मान्य करूनही, तो त्यावर लुब्ध होतो. थापाड्याने थापाड्याला ओळखल्याचा तो क्षण आहे.

'अ वॉक इन द वुड्स' (१९९८) मध्ये ही ओळख संपूर्ण रचनेचे तत्त्व बनते. अपलेशियन पायवाटेवर पाठीवरचे ओझे पेलत धापा टाकणारा मध्यमवयीन निवेदक आणि पहिल्याच दिवशी शिधा फेकून देणारा त्याचा सोबती कॅट्झ ही जोडी स्वतःच वाटेवरची चमत्कारिक वस्तू झाली आहे. दोन हजारांहून अधिक मैलांपैकी ८७० मैल चालून निवेदक थांबतो. अपुरेपणाची ही निःसंकोच कबुली विनोदाला नैतिक बळ देते.

तथापि, आत्मोपहास हीदेखील एक सवलत आहे. वाट चुकणे, गाडी बंद पडणे, मुक्कामाला जागा न मिळणे हे प्रसंग विनोदी ठरतात, कारण निवेदकाला त्यातून सुखरूप सुटण्याची खात्री असते. १९३६ पासून तीन दशके निघालेले व्हिक्टर ग्रीन यांचे 'ग्रीन बुक' कृष्णवर्णीय प्रवाशांना मुक्काम, जेवण आणि इंधन कोठे मिळेल, ते सांगत असे. तेथे त्याच घटना संकटाच्या होत्या. स्टाइनबेकच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'मध्ये (१९६२) कुत्र्याबरोबरच्या प्रवासाचा खेळकर सूर न्यू ऑर्लिन्समध्ये लोपतो. शाळेत निघालेल्या लहान कृष्णवर्णीय मुलीवर गोऱ्या स्त्रिया शिव्यांचा वर्षाव करीत असतात. या पुस्तकातील काही प्रसंगांच्या सत्यतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. पण सूर थांबविण्याचा कलात्मक निर्णय त्यामुळे निरर्थक ठरत नाही.

म्हणून या कथनांचे मूल्यमापन करताना निवेदक किती हसवितो, एवढे विचारून भागणार नाही. तो स्वतःला थापेच्या कक्षेत आणतो काय, आणि ज्यांना ही वाट मोकळी नव्हती, त्यांच्यापाशी येऊन तो थबकतो काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ट्वेनपासून मिळत आले आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र या प्रकारातील थोडेच लेखक थांबलेले दिसतात.