चार कोटी अंक मोजून झाल्यावर

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी एका नव्या मूळ संख्येची घोषणा झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, अशी ही संख्या अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांना सापडली. तोवर माहीत असलेल्या सर्व मूळ संख्यांपेक्षा ती मोठी होती. अंक ४,१०,२४,३२०. बातम्या या आकड्याभोवतीच घुटमळल्या.

माझी तक्रार अशी की, अंकांची संख्या हा तिचा सर्वांत किरकोळ गुण आहे. घातांकाला २ च्या लॉगरिदमने गुणले की तो आकडा हाती येतो. (०.३०१०३ घेतल्यास उत्तर एकाने जास्त येते. का, ते अकरावीच्या मुलांना शोधू द्यावे.) शिवाय तिच्यात १ मिळवून येणाऱ्या संख्येलाही नेमके तितकेच अंक आहेत. ती निव्वळ २ चा घात, तिची बातमी कोण देणार?

वर्गात ही बातमी वाचून दाखवली, तर चौकस मूल विचारणारच : ही मूळ आहे हे कळले कसे? प्रत्येक लहान मूळ संख्येने भागून पाहायचे, तर सुमारे दोन कोटी अंकी विभाजकांपर्यंत जावे लागेल. ते कोणत्याही यंत्राला अशक्य आहे. पहिला संकेत फर्माच्या कसोटीने मिळाला, पण तिच्यातून ‘बहुधा मूळ’ एवढेच कळते. निर्णय दिला तो एदुआर लुकास यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या आणि पुढे लेमर यांनी सुधारलेल्या कसोटीने. ती फळ्यावर करता येते.

३१, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, घेऊ. ४ पासून सुरुवात. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आले. म्हणून ३१ मूळ. नव्या संख्येसाठी अशाच साडेतेरा कोटींहून अधिक पायऱ्या लागतात.

त्यातला भागाकारही सोपा आहे. द्विमान पद्धतीत या संख्येत सगळे १ च असतात, दशमान पद्धतीतील ९९९ सारखे. ९ ने भागताना आपण अंकांची बेरीज करतो, तीच युक्ती इथे चालते : १९४ = ६ × ३२ + २, म्हणून बाकी ६ + २ = ८. बातमीत सांगण्याजोगे होते ते हे.

अशा लेखांच्या शेवटी बऱ्याचदा ‘बँकांच्या गुप्त संकेतांसाठी उपयोग’ असे एक वाक्य चिकटवलेले असते. ते चुकीचे आहे. तिथे लागणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकी असतात आणि त्या गुप्त राहाव्या लागतात. ही तर जगजाहीर आहे.

घातांक मूळ असला की काम झाले, असेही मुलांना वाटू देऊ नये. ११ मूळ आहे, पण २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. वरची कसोटी लावून पाहा : नऊ पायऱ्यांनंतर शून्य नव्हे, १७३६ उरतात. संख्या संयुक्त आहे हे कळते, पण २३ आणि ८९ मात्र कुठेच दिसत नाहीत.