चाल कोणाची, नांव कोणाचें?

'गुमनाम' या हिंदी बोलपटांतील 'जान पहचान हो' हें गाणें १९६५ सालीं पडद्यावर आलें. आवाज महंमद रफी यांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचें व बोलपटाचें दिग्दर्शन राजा नवाथे यांचें. छत्तीस वर्षांनीं, २००१ सालीं, 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाचा आरंभ याच गाण्यानें झाला. पुढें २०११ सालीं हायनेकेन बिअरच्या जाहिरातीनें तें देशोदेशीं पोंचविलें. हा प्रवास पाहून आमच्या सुशिक्षितांत दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक म्हणतो, "मुळांत पाश्चात्त्यांचीच नक्कल, तिचें कौतुक तें काय?" दुसरा म्हणतो, "आतां गोरे आमच्या गाण्यावर नाचूं लागले!" आमच्या मतें दोन्ही पक्ष भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत.

ठेका परका आहे हें कोण नाकारील? बिल हेली यांनीं 'रॉक अराउंड द क्लॉक' हें गाणें १९५४ सालीं ध्वनिमुद्रित केलें. तीन वर्षांतच सी. रामचंद्र यांनीं तें वारें 'आशा' या बोलपटांत 'ईना मीना डीका'च्या रूपानें खेळविलें, आणि तीच चाल किशोरकुमार व आशा भोसले अशा दोन कंठांतून ऐकविली. शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यमेळाची जुळणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि ठेक्याचे जाणकार दत्ताराम वाडकर हे दोघेही गोमंतकीय. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांच्या हातून पाश्चात्त्य संगीत मुंबईच्या बोलपटांत रुळलें. 'जान पहचान हो' मधील गिटारची व ड्रमची घाई विलायती खरी. परंतु त्या घाईंतही शब्द न् शब्द स्पष्ट ठेवून रफी जो गोडवा राखतात, तो येथल्या मातीचा आहे. उसनें घेतलेलें असें पचलें म्हणजे त्यास चोरी म्हणणें अन्यायाचें होय.

आमच्या रंगभूमीनें तरी निराळें काय केलें? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां लावणी, साकी, दिंडी, कर्नाटकी पदें अशा नाना ठिकाणच्या चाली घेतल्या. 'मानापमाना'साठीं १९११ सालीं गोविंदराव टेंबे यांनीं पूरबेकडील ठुमरी-कजरीचें धन आणलें. पण छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असें लिहून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देण्याची वहिवाट होती. त्या एका ओळीनें कर्ज कबूल होई आणि नव्या पदाची किंमत तिळभरही कमी होत नसे. उलट मूळ व नवें ताडून पाहण्याचा आनंद जाणत्यास मिळे. आमच्या पनवेलींत वरातीपुढें चालणारा बँडही सिनेमाचें गाणें वाजवितो, पण तें आपलें म्हणून मिरवीत नाहीं.

बोलपटाच्या धंद्यानें ही ओळ गाळली, हें आमचें खरें गाऱ्हाणें आहे. 'गुमनाम'चेंच शीर्षकगीत हेन्री मॅन्सिनी यांच्या 'शराड' (१९६३) मधील चालीशीं उघड नातें सांगतें, आणि कथानक अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीशीं. तबकडीवर गायक-संगीतकारांचीं नांवें असत. मूळ चालीचें नसे, वाद्यमेळ रचणाऱ्यांचेंही बहुधा नसे. याच रीतीचें उट्टें पुढें आपल्याच कलावंतांवर निघालें. 'जान पहचान हो' मध्यें मुखवटा लावून बेभान नाचणाऱ्या लक्ष्मी छाया २००४ सालीं वारल्या. सात वर्षांनीं जाहिरातींतून तें गाणें ऐकणाऱ्या परदेशस्थांपैकीं कितीजणांस त्यांचें नांव ठाऊक असेल? बोलपटाचें नांव 'गुमनाम', गाण्याची मागणी ओळखीची. ती मागणी अजून पुरी व्हावयाची आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांत, घरगुती मैफलींत वा गाण्यांच्या संग्रहांत जुनें गाणें पुन्हां सादर होईल, तेव्हां गायकाबरोबर कवीचें, संगीतकाराचें, वाद्यमेळ रचणाराचें नांव सांगावें, आणि चाल दुसरीकडची असेल तर तेंही निःसंकोच सांगावें. याला खर्च नाहीं. किर्लोस्करांच्या काळच्या छापखान्यांना जें साधलें, तें आम्हांस जड जाऊं नये.