निसर्ग, शब्द आणि औषध : बालकवींच्या निमित्ताने

मन खचले की ‘चार दिवस डोंगरात जाऊन ये’, ‘रोज थोडे लिहीत जा’, असा सल्ला आज घरोघरी मिळतो. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, ही कल्पना पुढे आणली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत वनोपचार, बागकामोपचार, लेखनोपचार असे शब्द रूढ होत गेले. या सल्ल्यामागे काही अभ्यास आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पण आपल्या साहित्यात निसर्ग, शब्द आणि दुःख यांचे नाते शतकानुशतके मांडले गेले आहे. त्या साहित्यासमोर हा सल्ला ठेवून पाहिला तर काय उरते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी पुरावा पाहू. रॉजर उलरिच यांचा १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निबंध या विषयात सतत उद्धृत होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघाताविषयी लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी झाल्या. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन अधिक जड झाले होते. सल्ला देताना हा तपशील बहुधा गाळला जातो. पहिला अभ्यास शरीराच्या जखमेविषयी आहे, दुसरा विद्यार्थ्यांविषयी. दोन्हींतून फार तर एवढे म्हणता येते की झाडांचा आणि शब्दांचा आधार मिळू शकतो. नैराश्य त्यांनी दूर होते, असे दोन्ही अभ्यासांनी म्हटलेले नाही.

आता बालकवींकडे वळू. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये खानदेशातील धरणगावचा. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भादलीजवळ रेल्वे अपघातात ते गेले. शाळेत त्यांची ओळख होते ती श्रावणाच्या, फुलराणीच्या आणि आनंदाच्या कवितेतून. ‘निसर्गकवी’ हा शिक्का बसतो आणि सोबत एक गृहीतही येते : जो निसर्गात इतका रमला, तो आनंदी असणारच.

त्यांची ‘उदासीनता’ ही कविता या गृहीताला थेट धक्का देते. हृदयाला वेढणारी खिन्नता कुठून येते हे कवीला कळत नाही. काय टोचते ते सांगता येत नाही, काय हवे तेही उमगत नाही. कारण न सापडणारे दुःख हे आज नैराश्याविषयी बोलताना आपण ज्याकडे लक्ष वेधतो, तेच. शेवटाकडे वेदनेच्या जवळच औषधीचा उल्लेख येतो. ती वेदनाच औषध आहे, की तिच्यावर औषधच नाही? ओळींची रचना दोन्ही अर्थांना वाव देते आणि माझ्या मते कवितेचे बळ या न सुटणाऱ्या प्रश्नात आहे. ‘पारवा’मध्ये तर निसर्गाचा प्रतिनिधी पडक्या धर्मशाळेत बसला आहे. तो कोणालाही बरे करायला आलेला नाही.

‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर मराठी समीक्षेत बराच वाद झाला. हिरवाई, झरा, गाव, शेते आणि त्यांमधून डोहाकडे जाणारी वाट. तिथे पाण्यात पाय सोडून बसलेले झाड. कोणाला त्यात शांती दिसली, कोणाला मृत्यूची चाहूल. कवीच्या अपघाती अंतावरून मागे जाऊन दुसरा अर्थ पक्का करणे गैर आहे. पण ‘निसर्गकवी’ म्हणून फक्त पहिलाच अर्थ स्वीकारणे तितकेच गैर. दोन्ही वाचनांत आपण कवितेला आपल्या सोयीचे निदान देऊन टाकतो.

तुकोबांच्या वृक्ष-वेलींना सोयरे मानणाऱ्या अभंगाचेही असेच झाले आहे. वृक्षारोपणाच्या फलकांवर त्याची सुरुवात असते. शेवट कोणी लिहीत नाही. शेवटी तुकोबा एकांतात स्वतःच्याच मनाशी बोलतात, स्वतःशीच वाद घालतात. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाच्या आयुष्यातला तो एकांत आहे. रानाने त्यांना त्या संवादासाठी जागा दिली. संवाद मात्र त्यांनाच करावा लागला.

साहित्याने खरोखर आधार दिल्याचा एक स्पष्ट दाखला जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८७३ मधील आत्मचरित्रात सापडतो. आगरकरांच्या पिढीला मिल तत्त्वचिंतक म्हणून परिचित होते. त्यांची ही बाजू आपल्याकडे कमी वाचली जाते. १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांना कशातच रस उरला नाही. दोन वर्षांनी त्यांनी वर्ड्‌स्वर्थ वाचला आणि त्या कविता आपल्या मनाला औषधासारख्या लागू पडल्या असे नोंदवले. त्याआधी वाचलेल्या बायरनने काहीच साधले नव्हते, कारण त्याची मनःस्थिती मिल यांच्या स्वतःच्याच अवस्थेसारखी होती. पुढे ते नेमके सांगतात की नुसते निसर्गचित्रण हवे असते तर स्कॉट अधिक चांगला होता, आणि प्रत्यक्ष देखावा त्याहूनही. उपयोगी पडली ती निसर्गसौंदर्याने जागी झालेली भावावस्था. दुसऱ्या माणसाने ती अनुभवली होती, म्हणजे ती शक्य होती.

मला यात निर्णायक दिसते ते हे. झाड एकटे औषध होत नाही, लेखनही नाही. आधार मिळतो तो माणूस, निसर्ग आणि शब्द यांच्या नात्यातून, आणि ते नाते प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणूनच ते कागदावर लिहून देता येत नाही. मिल यांना बायरन लागू पडला नाही. बालकवींना श्रावण पुरला नाही, आणि त्यात श्रावणाचा किंवा बालकवींचा दोष नव्हता.

ही केवळ वाचनाची चर्चा नाही. ‘डोंगरात जा, बरे वाटेल’ हे वाक्य ऐकून एखादी व्यक्ती डोंगरात जाते आणि तरीही तिला बरे वाटत नाही, तेव्हा मूळ दुःखात अपराधाची भर पडते. एवढे सुंदर आहे सगळे, मग मलाच काय झाले आहे? अशा वेळी तिला डॉक्टरची, समुपदेशकाची, सोबतीची गरज असते. निसर्गाचा सल्ला त्या गरजेआड येता कामा नये. तशा माणसाच्या हाती ‘फुलराणी’सोबत ‘उदासीनता’ही द्यावी. हिरवळीत राहूनही खिन्न होणारा आपण एकटेच नाही, हे तिथे आधीच लिहून ठेवलेले आहे.