बीकन स्ट्रीटवरची पलटण

बॉस्टनच्या स्टेट हाऊससमोर ऑगस्टस सेंट-गॉडन्सचं ब्राँझचं उठावशिल्प आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या पलटणीचं. पलटण टिकली जेमतेम सव्वादोन वर्षं. शिल्पकाराने तिच्यासाठी चौदाएक वर्षं घेतली. अनावरण झालं ३१ मे १८९७ रोजी.

आधी पाय पाहावेत. पावलामागे पाऊल, सगळी पुढे झुकलेली; आणि वर खांद्यांवरच्या बंदुका तेवढ्याच एकोप्याने मागे कललेल्या. नजर या दोन ओळींमध्ये फिरत राहिली की पुढच्या पोरसवदा ढोलवाल्याचा ठेका कानात बसतो.

मग चेहरे. गणवेश एक, चाल एक, पण एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कुणाला मिसरूडही फुटलेलं नाही, कुणी दाढीवाला, संसारी वाटावा असा. त्यासाठी सेंट-गॉडन्सने कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून चाळीसएक मस्तकं घडवली. वॉशिंग्टनमधल्या १८७६ सालच्या स्मारकात मुक्त झालेला गुलाम लिंकनसमोर गुडघ्यावर आहे. इथली माणसं ताठ मानेने चालताहेत, आणि मला या शिल्पाचं खरं मोठेपण तिथेच दिसतं.

मधोमध घोड्यावर गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ. सगळ्यांच्या वर तरंगणारी देवदूतासारखी स्त्री मात्र मला खटकते. या चालीला वरून आशीर्वाद नको होता.

याच रस्त्याने ही पलटण २८ मे १८६३ रोजी निघाली होती. १८ जुलैला फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात पंचविशीतला शॉ पडला. शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं, आणि वडिलांनी त्याला तिथून हलवू दिलं नाही. पगारातही भेद होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. या पलटणीतल्या शिपायांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. समान पगार मिळेपर्यंत यांनी वर्षभराहून अधिक काळ एक छदामही घेतला नाही. शिल्पातल्या त्या घट्ट मिटलेल्या ओठांकडे हे माहीत असताना पुन्हा पाहावं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. त्या मुक्तीसाठी स्वतः लढलेली माणसं इथे समोर उभी आहेत.

स्मारकाच्या मागे मृत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं सुरुवातीपासून होती. कृष्णवर्णीय शिपायांची कोरली गेली ती १९८०च्या दशकात. बॉस्टनला गेलात तर मागे वळसा घालून ती नावं जरूर वाचा.