सीमेवरचा पूल आणि सीमेवरचं फाटक

आशियाई विकास बँकेचं मुख्यालय मनिलात. तिच्या शेजारी-सहकार्याच्या कामाची चर्चा धाडमध्ये कशाला, असं कुणी विचारेल. आम्हाला वाटतं, यासाठी धाड अगदी योग्य गाव आहे. इथं विदर्भ संपतो, पलीकडे भोकरदन, म्हणजे मराठवाडा सुरू होतो. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचा अंमल होता. त्या संस्थानाचं स्वतःचं जकात खातं होतं, करोडगिरी. दोन्हीकडे एकच भाषा, एकच पिकं, एकमेकांत सोयरीक. तरी मालाला हद्द होतीच. तेव्हा सीमा म्हणजे काय, हे या भागाला नव्यानं सांगायला नको.

आता बँकेकडे येऊ. ती १९६६ साली सुरू झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. २००१ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांचा 'सासेक' हा कार्यक्रम सुरू झाला. २०१४ मध्ये श्रीलंका आणि मालदीव, २०१७ मध्ये म्यानमार त्यात आले. बँक त्याची सचिवालय आहे आणि मोठी कर्जदातीही. रस्ते, रेल्वे, वीज, सीमाशुल्काची कागदपत्रं सोपी करणं, ही त्यातली मुख्य कामं.

श्रेय द्यायला हवं ते आधी देऊ. नेपाळच्या हद्दीवर पानीटंकी आणि काकरभिट्टा यांच्यामध्ये मेची नदीवर नवा पूल झाला, तो याच कर्जातून. सार्क परिषदा अडकून पडल्या त्या काळातही हे काम चालू राहिलं. राजकारण बाजूला ठेवून आधी रस्ता करा, ही बँकेची रीत. ती रीत वाईट नाही.

पण नेमकं इथंच आमचं भांडण आहे.

हिरव्या मिरचीचं उदाहरण घ्या. शेजारच्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार तुम्हाला माहीतच आहे. मिरची तोडली की दोन-चार दिवसांत मऊ पडते. तिला दूरचं गिऱ्हाईक हवं असेल तर दोन गोष्टी लागतात: चांगला रस्ता आणि उघडं फाटक. पहिल्या गोष्टीसाठी बँक पैसे देते. इतकंच काय, २०२१ मध्ये तिनं महाराष्ट्राच्या 'मॅग्नेट' प्रकल्पाला १० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. प्रतवारी, शीतगृहं, शेतकरी कंपन्या, हे सगळं त्यात आहे, आणि पिकांच्या यादीत मिरचीही आहे.

फाटकाचं मात्र काय? बांगलादेशात आयात परवाना मिळेल तेव्हा माल जातो. २०२३ च्या जूनमध्ये तिकडे भाव भडकले, तेव्हा कुठं मिरचीची थांबलेली आयात खुली झाली. संत्र्याचं त्याहून वाईट: तिकडचं आयात शुल्क वाढत वाढत गेलं आणि अमरावती-नागपूरच्या बागायतदारांचं हक्काचं गिऱ्हाईक तुटलं. म्हणजे एकच बँक इथं माल चांगला करायला कर्ज देते, तिथं रस्त्याला कर्ज देते, आणि मधल्या फाटकाशी आपला काही संबंध नाही असं वागते.

आणि दोष फक्त शेजाऱ्याचा नाही बरं का. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्याच सरकारनं कांदा निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत. त्यानंतरही ४० टक्के शुल्क ठेवलं. बांगलादेश तर आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशानं जमिनीवरच्या बंदरांतून येणारं भारतीय सूत थांबवलं. मे महिन्यात भारतानं त्याच वाटेनं येणारे त्यांचे तयार कपडे थांबवले. सूत कापसाचंच असतं, मंडळी. तो धागा आपल्या शेतापर्यंत येतो.

बँकेचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे: शुल्क आणि बंदी हा सार्वभौम सरकारांचा अधिकार. मान्य. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये चार देशांनी वाहन करार केला, त्यालाही बँकेचं पाठबळ होतं. २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं तो नाकारला. तो त्यांचा हक्कच. पण हीच बँक धोरणं सुधारण्याच्या बदल्यातही सरकारांना कर्ज देते. मग धोरणाबद्दल बोलायचंच नाही, हा संकोच फक्त सीमेवरच का?

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आसियानमध्ये तो २५ टक्क्यांच्या आसपास. आमच्या मते हा फरक नुसत्या डांबरानं भरून निघणार नाही.

बँकेनं कुणाला दटावावं असं आमचं म्हणणं नाही. मागणी साधी आहे. किती किलोमीटर रस्ता झाला हे अहवालात येतं. तसंच कुठल्या मालासाठी फाटक किती दिवस बंद राहिलं आणि बंद करण्याआधी किती दिवसांची सूचना दिली, हेही यावं. दोन्ही बाजूंचं, नावानिशी. शेतकरी पेरणी करतो तेव्हा पुढच्या चार महिन्यांवर भरवसा ठेवतो. रात्रीतून निघालेला आदेश तो भरवसा मोडतो, आणि नुकसान कुठल्याच कर्जाच्या हिशेबात दिसत नाही. कर्ज फेडायचं ते आपल्याच करातून. मग त्या हिशेबात आपलं नुकसानही मोजा, एवढं मागायचा हक्क धाडच्या माणसाला नक्कीच आहे.