मुलाची पोटगी : आकड्यामागील हिशेबाची चिकित्सा

प्रस्तावना

घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते, माता-पित्याचे नाते येत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेने मान्य केलेले आहे. परंतु या तत्त्वाला दरमहा रुपयांचे रूप द्यावयाचे झाल्यास तो आकडा नेमका कसा काढावा, याविषयी एकवाक्यता आढळत नाही. 'पोटगी' या आपल्या रूढ शब्दातच अडचणीचे मूळ दिसते. हा शब्द 'पोटा'शी निगडित आहे व तो प्रामुख्याने पत्नीच्या संदर्भात वापरला जातो. मुलाला मात्र पोटाखेरीज शाळा, औषधपाणी, निवारा आणि सांभाळणारे माणूसही लागते. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ मध्ये निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र व निवारा यांच्या बरोबरीने शिक्षण आणि वैद्यकीय उपचार यांचा अंतर्भाव आहे, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

प्रस्तुत लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या 'रजनेश विरुद्ध नेहा' (४ नोव्हेंबर २०२०) या निवाड्याची चिकित्सा करावयाची आहे. उत्पन्न उघड करण्याची रीत या निवाड्याने काटेकोर केली. मुलाच्या वाट्याचा आकडा काढण्याची रीत मात्र मोकळीच ठेवली, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

निवाड्याचे योगदान

या प्रकरणाचा प्रारंभ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. २०१३ मध्ये अर्ज दाखल झाला, अंतरिम आदेश २०१५ मध्ये मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाकडून त्याची पुष्टी होण्यास २०२० साल उजाडले. अंतरिम निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद २००१ च्या दुरुस्तीनेच कायद्यात आली होती. याच दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा रद्द झाली होती. मर्यादा गेली, विलंब मात्र राहिला.

अशा पार्श्वभूमीवर न्यायालयाने दिलेले निर्देश महत्त्वाचे ठरतात. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात द्यावे, शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना असावा, निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय धरावी, निरनिराळ्या कायद्यांखाली मिळालेल्या रकमांचे परस्परांशी समायोजन करावे, हे ते निर्देश होत. पगारपत्रक दडवून ठेवणाऱ्या पक्षाला त्यामुळे आळा बसला, हे मान्य करावयास हवे.

मुलाचा परिच्छेद

निवाड्यात अल्पवयीन मुलांच्या निर्वाहासाठी स्वतंत्र उपशीर्षक आहे. परंतु त्याखालील विवेचन त्रोटक आहे. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण धरावे; शिकवणी वर्गांचा खर्चही धरावा, मात्र तो वाजवी असावा; शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने सोसावा आणि माता पुरेसे कमावत असल्यास तो प्रमाणात वाटून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यातही मुलावरील खर्चाचे रकाने आहेत. तथापि या रकान्यांतील माहितीवरून अंतिम आकड्यापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जावे, हे निवाडा सांगत नाही. ठराविक साचेबंद सूत्र असू शकत नाही, असे न्यायालयाने नमूद केले आहे. साचा नसावा हे योग्यच. परंतु साचा नसणे आणि हिशेब न दाखवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तीन रीती, एक कुटुंब

पूर्वीच्या निवाड्यांतून तीन रीती पुढे आल्या आहेत. त्यांतील फरक समजण्यासाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. पित्याच्या हाती दरमहा ६०,००० रुपये येतात, मातेच्या हाती ३०,००० रुपये. एक मूल मातेजवळ राहते आणि त्याचा सिद्ध झालेला खर्च १८,००० रुपये आहे.

पहिली रीत सर्वोच्च न्यायालयाच्या 'पद्मजा शर्मा' (२०००) निवाड्यातील. तेथे दोन्ही पालक कमावते होते. न्यायालयाने प्रत्येक मुलासाठी दरमहा ३,००० रुपये ठरवून तो भार पिता व माता यांच्यात २:१ या प्रमाणात वाटला. याच प्रमाणाने आपल्या उदाहरणात पिता १२,००० व माता ६,००० रुपये देईल.

दुसरी रीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००४ मधील 'अनुरिता वोहरा' निवाड्यातील. तेथे कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न हा एक केक मानला असून कमावत्या पतीला दोन व इतर प्रत्येक सदस्याला एक वाटा दिला आहे. ही वाटणी येथे लावल्यास ९०,००० रुपयांचे चार वाटे होतात व प्रत्येक वाटा २२,५०० रुपयांचा येतो. माता व मूल यांचे मिळून ४५,००० रुपये. त्यांतून मातेची स्वतःची मिळकत वजा जाता पित्याने १५,००० रुपये द्यावयाचे.

तिसरी रीत २०१७ च्या 'कल्याण डे चौधरी' निवाड्यावर आधारलेली. पतीच्या निव्वळ वेतनाच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य ठरेल, असे तेथे म्हटले आहे. आपल्या उदाहरणात हा आकडाही १५,००० रुपयेच येतो. परंतु तो पत्नीचा आहे. मुलाचा आकडा किती, याचे उत्तर या टक्केवारीत नाही.

पहिल्या दोन रीतींची तुलना उद्बोधक आहे. दुसऱ्या रीतीतही मुलाच्या २२,५०० रुपयांपैकी १५,००० पित्याकडून व ७,५०० मातेच्या मिळकतीतून येतात. म्हणजे प्रमाण २:१ हेच राहते. फरक पडतो तो मूळ प्रश्नात. पहिली रीत 'मुलाला किती लागते?' असे विचारते, तर दुसरी 'घर एकत्र असते तर मुलाच्या वाट्याला किती आले असते?' असे विचारते. या फरकाची किंमत दरमहा ३,००० व वर्षाला ३६,००० रुपये आहे. या दोहोंपैकी कोणता प्रश्न विचारला, हेच आदेशात नमूद नसेल, तर मिळालेली रक्कम कमी की अधिक हे वरिष्ठ न्यायालयाने तरी कशावरून ठरवावे?

न मोजलेले श्रम

वरील तिन्ही रीतींत केवळ पैसा मोजला जातो. ज्या पालकाजवळ मूल राहते त्याचा वेळ कोणत्याही रकान्यात येत नाही. मूल आजारी पडल्यावर घेतलेली रजा, बढतीसह आलेली पण नाकारलेली बदली, रोजचा डबा आणि अभ्यास यांचा भार बहुतांशी मातेवर पडतो. २:१ हे प्रमाण वरकरणी समन्यायी दिसते; प्रत्यक्षात माता एक तृतीयांश पैसा आणि जवळजवळ सर्व श्रम देत असते. मुलांसाठी नोकरीचा त्याग केलेल्या पत्नीचा विचार 'रजनेश' निवाड्यात आहे, परंतु तो पत्नीच्या निर्वाहासंदर्भात आहे. मुलाच्या खर्चाचे प्रमाण ठरवताना तो उतरत नाही. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीच्या श्रमाचे काल्पनिक उत्पन्न धरणे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या 'कीर्ती' निवाड्यात योग्य मानले. गृहिणीच्या मृत्यूनंतर ज्या श्रमाला मोल लाभते, त्याला तिच्या हयातीत मुलाच्या हिशेबात स्थान नसावे, ही विसंगती होय.

सूत्राचा पर्याय व त्याच्या मर्यादा

ब्रिटनमधील शासकीय यंत्रणेचे सूत्र याउलट टोकाचे आहे. आठवड्याच्या ८०० पौंडांपर्यंतच्या ढोबळ उत्पन्नावर सर्वसाधारणपणे एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ व तिघांसाठी १९ टक्के आकारले जातात आणि मूल वर्षातून ५२ वा अधिक रात्री देणाऱ्या पालकाकडे राहिल्यास रक्कम घटते. येथे निदान मुलाजवळ घालवलेल्या काळाची नोंद होते व आकडा आगाऊ कळतो. मात्र मुलाची प्रत्यक्ष गरज आणि सांभाळणाऱ्या पालकाचे उत्पन्न यांना या सूत्रात स्थान नाही.

असे सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही. शेती, किरकोळ व्यापार व रोजंदारी यांतील उत्पन्नाला पगारपत्रकाचा आधार नसतो. सुदृढ पतीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी व अल्पवयीन मुलांचा निर्वाह करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या 'अंजू गर्ग' निवाड्यात म्हटले आहे. ज्याची मिळकत कागदावर शून्य आहे, त्याच्याबाबत टक्केवारीचे उत्तरही शून्यच येईल. तेव्हा सूत्र हा प्रारंभबिंदू असावा. त्यापासून दूर जाण्याची मुभा असावी, पण दूर का गेलो हे लिहिण्याचे बंधनही असावे.

वयाची अठरा वर्षे

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत निकटचा प्रश्न वयाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये जुन्या कलम १२५ चीच चौकट कायम आहे. शारीरिक वा मानसिक असमर्थतेचा अपवाद वगळता सज्ञान होताच मुलाचा या कलमाखालील हक्क संपतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या अधिनियमाचा आधार आहे, हे २०२० च्या 'अभिलाषा' निवाड्याने स्पष्ट केले. मुलग्याला तसा आधार नाही. बारावी ओलांडून तो पदवीच्या पहिल्या वर्षाला येतो, वसतिगृह, प्रवास व शुल्क यांचा खर्च वाढतो, आणि नेमके त्याच सुमारास पित्याचे कायदेशीर दायित्व थांबते. वर्गात अनियमित दिसणाऱ्या, अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहताना ही शक्यता आपण क्वचितच लक्षात घेतो.

निष्कर्ष

१. मुलाचा निर्वाह पत्नीच्या पोटगीत न मिसळता आदेशात स्वतंत्रपणे व प्रथम ठरवावा.

२. खर्च, दोघांचे उत्पन्न, प्रमाण व अंतिम रक्कम या चारही पायऱ्या आदेशात लिहाव्यात.

३. सांभाळाच्या श्रमाचे मोल प्रमाण ठरवताना धरावे.

४. रक्कम मुलाच्या वयानुसार व महागाईनुसार आपोआप वाढावी. 'रजनेश' प्रकरणात कौटुंबिक न्यायालयाने मुलाची रक्कम १ सप्टेंबर २०१५ पासून ५,००० वरून १०,००० रुपये केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात पत्नीच्या पोटगीवर दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली आहे. हे मार्ग मुलाच्या बाबतीत अपवादात्मक न राहता नित्याचे व्हावेत. अन्यथा प्रत्येक वाढीसाठी कलम १४६ खाली नवा अर्ज आणि नवी प्रतीक्षा अटळ ठरते.

५. शिक्षण चालू असेतोपर्यंत, निदान पहिल्या पदवीपर्यंत, मुलगा व मुलगी दोघांनाही हा हक्क असावा.

यांपैकी पहिल्या चार सूचना न्यायालये विद्यमान कायद्याच्या चौकटीतच अमलात आणू शकतात. पाचवीसाठी मात्र विधिमंडळाला पुढाकार घ्यावा लागेल. 'रजनेश' निवाड्याने पालकांना आपले हिशेब न्यायालयापुढे मांडण्यास भाग पाडले. मुलाच्या नावे ठरवलेल्या रकमेचा हिशेब न्यायालयाच्या आदेशातही वाचावयास मिळावा, एवढीच अपेक्षा येथे मांडली आहे.