रूथचा सरवा

हिब्रू धर्मग्रंथांतील ‘रूथ’ हे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. मराठी वाचकांपुढे ते बहुधा आदर्श सुनेची कथा म्हणून मांडले जाते. पती निवर्तल्यावरही रूथ सासूला सोडीत नाही, तिच्यामागून परक्या देशात जाते आणि अखेर तिच्या निष्ठेचे फळ तिला मिळते. हा अर्थ खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. सासुरवाशिणीच्या सोशिकपणाचा गौरव करण्याची आपली जुनी सवय त्यात मिसळली, की कथेतील मुख्य शिकवण दृष्टीआड होते.

कथेचा प्रारंभ दुष्काळाने होतो. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. त्याच गावातून नामीचे कुटुंब पोटासाठी मवाब देशात जाते. तेथे तिचा पती व दोन्ही मुलगे मरण पावतात. नामी परत निघते तेव्हा तिच्या आग्रहास मान देऊन अर्पा ही सून माहेरी जाते. लेखक तिला दोष देत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सासूसोबत जाणे हे सुनेचे बंधनकारक कर्तव्य असते, तर अर्पा अपराधी ठरली असती. रूथचे जाणे हे कर्तव्यापलीकडचे, स्वेच्छेने दिलेले आहे. हिब्रूतील ‘हेसेद’ या शब्दाचा रोख अशाच वर्तनाकडे आहे.

तथापि निष्ठेच्या शब्दांनी पोट भरत नाही, हे रूथ जाणते. जवाची कापणी सुरू होताच ती सरवा वेचावयास निघते. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे म्हणजे सरवा. गुलमंडीवर खरेदीस आलेल्या खेड्यातील वृद्ध स्त्रीला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. शहरातील पदवीधराला कदाचित लागेल. मोशेच्या नियमशास्त्रानुसार शेताचे कानेकोपरे कापू नयेत, विसरलेली पेंढी परत आणू नये. ती परदेशीय, पोरके व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी. अर्थात सरवा ही भीक नव्हे, तो हक्क होय. बवाज या शेतमालकाचे औदार्य त्यापुढे सुरू होते: पेंढ्यांतूनही काही कणसे मुद्दाम टाकावी, असे तो कापणाऱ्यांस सांगतो.

तिसऱ्या अध्यायातील खळ्यावरचा प्रसंग कथेचा कळस आहे. बवाज काय करावयाचे ते सांगेल, एवढेच नामीने सुनेला बजावलेले असते. प्रत्यक्षात रूथच त्याला काय करावयाचे ते सांगते. ‘कानाफ’ या हिब्रू शब्दाचे पंख व वस्त्राचा काठ असे दोन्ही अर्थ होतात. बवाजने पूर्वी रूथला, ती देवाच्या पंखांखाली आश्रयास आली आहे, असा आशीर्वाद दिलेला असतो. आता तोच शब्द उच्चारून ती त्याला त्याच्या वस्त्राचा काठ आपल्यावर पसरावयास सांगते. आपल्याकडे पदर पसरते ती याचना करणारी स्त्री; येथे वस्त्र पसरावयाचे आहे ते देणाऱ्याने. ज्याने आशीर्वाद दिला त्यानेच तो खरा करावा, ही रूथची मागणी आहे. आज्ञाधारक सुनेच्या चित्रात ती बसत नाही.

चौथ्या अध्यायात मात्र एक उणीव जाणवते. वेशीवरच्या पंचायतीत रूथचा विषय शेताच्या व्यवहारासोबत निघतो, आणि ती स्वतः एक शब्दही बोलत नाही. मूल झाल्यावर शेजारणी नामीला पुत्र झाला असे म्हणतात. त्या काळच्या समाजाची मर्यादा येथे उघड दिसते. तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु त्याच शेजारणी, ही सून सात मुलांहून अधिक आहे, असा निर्वाळाही देतात. मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाकारणारे वचन नियमशास्त्रात असताना, हे पुस्तक एका मवाबी विधवेस दावीद राजाची पणजी ठरविते.

मराठीत या कथेला आणखी एक संदर्भ आहे. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर पंडिता रमाबाईंनी केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातील वणवणीत गेले होते, आणि त्या स्वतः विधवा होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणून त्यांनी केडगावी आश्रय दिला व कामास लावले. दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य व श्रम हे रूथच्या कथेचे चारही घटक भाषांतरकर्त्रीने जगून पाहिले होते.

म्हणून या कथेचा बोध केवळ सुनांना उद्देशून नाही. निराधार स्त्रीने निष्ठेबरोबर आपला हक्कही ओळखावा व तो स्पष्ट शब्दांत मागावा, हा तिचा एक भाग. ज्याच्या मालकीचे शेत आहे त्याने कोपरा न कापता ठेवावा, हा दुसरा. आणि तो शेतवाल्यांना उद्देशून आहे. १६१० मध्ये मलिक अंबर या हबशी परदेशीयाने वसविलेल्या या शहरातील वाचकाला, परका मनुष्य गावाला काय देऊ शकतो हे वेगळे सांगावयास नको.